भूमिका अंगात राहते, की मानधन हातात येत नाही? नटांच्या मानसिक आरोग्यावरच्या एका अभ्यासाचं वाचन

पीएचडीच्या मुलाखतींचा मोसम जवळ आला की माझ्याकडे वाचायला सिनॉप्सिस यायला लागतात. मानसशास्त्राच्या आणि नाट्यशास्त्राच्या, दोन्हीकडच्या मुलांचा एक विषय त्यात हमखास असतो: अभिनेत्यांचं मानसिक आरोग्य. विषय चांगला आहे, मराठीत त्यावर काम व्हायला हवं. पण पहिलं पान जवळपास प्रत्येकाचं सारखंच. सुरुवातीला हीथ लेजर आणि जोकर, मग मेथड अ‍ॅक्टिंगवर दोन परिच्छेद, आणि लगेच गृहीतक: तीव्र भावनिक भूमिका करणाऱ्या अभिनेत्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण अधिक असेल. आधार म्हणून हटकून एक ऑस्ट्रेलियन सर्वेक्षण, २०१५ सालचं. ‘अभिनेते सामान्य लोकांपेक्षा अधिक नैराश्यग्रस्त असतात हे सिद्ध झाले आहे’ असं वाक्य आणि कंसात लेखकांची नावं.

तो पेपर मी पूर्ण वाचला आहे, आणि तो चांगला आहे. फक्त त्यातून हे वाक्य निघत नाही. आज तेवढंच बघू या. एखादा अभ्यास नीट वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे नेट-सेटच्या गाईडांमधल्या व्याख्या पाठ करून कळत नाही. एकच पेपर धरून बसलं की कळतं.

आधी लेजरचं मिटवून टाकते. २२ जानेवारी २००८ ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला तेव्हा २८ वर्षांचा होता. वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष होता अपघाती मृत्यू, डॉक्टरांनी लिहून दिल्या जाणाऱ्या अनेक औषधांच्या एकत्रित परिणामानं. तेव्हा जोकरचं चित्रीकरण संपून गेलेलं होतं आणि तो टेरी गिलियमच्या एका वेगळ्याच सिनेमात काम करत होता. झोप नीट लागत नाही हे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलं होतं, हे खरं. पण जोकरनं त्याला नैराश्यात ढकललं ही गोष्ट त्याच्या घरच्यांनी नंतर जाहीरपणे नाकारली. उलट ती भूमिका करताना तो मजेत होता, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सिनॉप्सिसच्या पहिल्या ओळीतला पुरावा हा पुरावा नसून एक आवडती कथा आहे. कथा आवडते याचं कारण उघड आहे. ‘भूमिका अक्षरशः जगला’ हे आपल्या नाट्यसमीक्षेतलं सर्वांत स्वस्त कौतुक. त्याच कौतुकाची काळी बाजू म्हणजे ‘भूमिकेनं खाल्लं’.

आता पेपरकडे. इयन मॅक्सवेल, मार्क सेटन आणि मारियाना साबो हे लेखक, सिडनी विद्यापीठाशी जोडलेले. साबो चिकित्सा मानसशास्त्रातल्या, बाकीचे दोघं परफॉर्मन्स स्टडीजकडचे. ‘अबाउट परफॉर्मन्स’ या नियतकालिकाच्या १३व्या अंकात, २०१५ मध्ये, हा ‘ऑस्ट्रेलियन अ‍ॅक्टर्स वेलबीइंग स्टडी’ आला. अभिनेत्यांच्या तिथल्या संघटनेच्या, म्हणजे इक्विटीच्या सभासदांना एक लांबलचक ऑनलाइन प्रश्नावली पाठवली गेली आणि ७८२ जणांनी उत्तरं दिली. प्रशिक्षण, उत्पन्न, प्रकृती, दारू, भूमिकेत शिरणं आणि भूमिकेतून बाहेर येणं, सगळ्याबद्दल विचारलं. नैराश्य, चिंता आणि ताण मोजायला डास-२१ ही मापनश्रेणी वापरली. निष्कर्ष असा की या तिन्ही बाबतींत अभिनेत्यांचे गुण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा वर आहेत. शिवाय तीव्र भूमिका झटकून टाकणं अवघड जातं असं सांगणारा गट मोठा आहे, आणि उत्पन्न तर बहुतेकांचं तुटपुंजं.

पेपरच्या उपशीर्षकात लेखकांनीच ‘प्राथमिक अहवाल’ असं लिहिलंय. उद्धृत करताना आपण पहिल्यांदा हाच शब्द खातो. ‘प्राथमिक’ उडाला की ‘दिसते’चं ‘सिद्ध झाले’ होतं. बहुतेक वेळा सिनॉप्सिस लिहिणाऱ्यानं मूळ पेपर उघडलेलाच नसतो, दुसऱ्या कुणीतरी दिलेला एका ओळीचा सारांश उचललेला असतो. आरआरसीसमोर कुणी मूळ शीर्षक विचारलं तर पंचाईत होते, ती इथे.

आता ७८२ या आकड्याबद्दल. आकडा मोठा वाटतो, आणि अभिनेत्यांवरच्या अभ्यासांत तो खरंच मोठा आहे. इथे बहुतेक काम दहा-वीस जणांच्या मुलाखतींवर उभं असतं. पण हे ७८२ जण निवडलेले नाहीत, आलेले आहेत. ‘तुमच्या स्वास्थ्याबद्दल सर्वे आहे’ अशी मेल आल्यावर ती कोण उघडतं? ज्याला त्या विषयाबद्दल काही सांगायचंय तो. ज्याचं बरं चाललंय तो कदाचित तालमीला गेलेला असतो. म्हणजे गुण फुगलेले असू शकतात. उलटही होतं, आणि ते मुलांच्या लक्षात येत नाही: ज्यांना हे सगळं सहनच झालं नाही ते व्यवसाय सोडून गेले, संघटनेचं सभासदत्व संपलं, त्यांना मेलच गेली नाही. उरले ते टिकलेले. म्हणजे गुण कमीही दिसू शकतात. दोन उलट्या दिशांचे कल एकाच नमुन्यात आहेत आणि कुठला जड आहे हे या आराखड्यातून कळू शकत नाही. ‘नमुना मोठा असता तर बरं झालं असतं’ असं मर्यादांच्या परिच्छेदात लिहून सुटका होत नाही. अशाच पद्धतीनं सात हजार लोक आले असते तरी प्रश्न तिथेच राहिला असता.

आणि मग मोजपट्टी. इथे मला जास्त वेळ थांबायचंय.

डास ही श्रेणी लव्हिबाँड आणि लव्हिबाँड यांनी न्यू साउथ वेल्स विद्यापीठात तयार केली, १९९५ मध्ये ती आजच्या रूपात आली. २१ प्रश्नांच्या छोट्या आवृत्तीत नैराश्य, चिंता, ताण यांचे प्रत्येकी ७ प्रश्न. गेल्या आठवड्यात हे तुम्हाला किती लागू पडलं, ० ते ३. बेरीज करून दुप्पट करायची. ही श्रेणी निदान करत नाही, कोण कमी त्रासात आहे नि कोण जास्त हे एका सलग रेषेवर दाखवते; तिच्या कर्त्यांनीच हे स्पष्ट केलंय. ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ ही लेबलं त्या रेषेवरची जागा सांगतात, आजार सांगत नाहीत. इथपर्यंत पुस्तकी.

पण ते प्रश्न नटाच्या खुर्चीत बसून वाचा. चिंतेच्या ७ प्रश्नांमध्ये तोंडाला कोरड पडणं आहे. हात थरथरणं आहे. काही श्रम न करता छातीतली धडधड जाणवणं आहे. शिवाजी मंदिरला विंगेत उभ्या असलेल्या कुठल्याही नटाला तिसरी घंटा वाजल्यावर विचारा. तीस-तीस वर्षं काम केलेल्या माणसांचीही हीच अवस्था असते आणि त्यातले बरेच जण म्हणतील, ज्या दिवशी हे होणार नाही त्या दिवशी प्रयोग पडेल. त्याच्यासाठी ती तयारी आहे. श्रेणीसाठी ते लक्षण आहे. आठवड्याला चार प्रयोग असतील तर ‘बऱ्याच वेळा लागू पडलं’ असंच प्रामाणिक उत्तर येणार आणि गुण वाढणार.

(जाता जाता: भरतानं नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत. स्वेद, स्वरभेद, वेपथु म्हणजे कंप, अश्रू वगैरे. ते आणता येणं हे नटाचं कौशल्य. डासवाल्यांना वेपथु ही चिंतेची खूण वाटते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मोजपट्टी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवताना विचार करायला हवा, एवढंच.)

नैराश्याच्या प्रश्नांत तर याहून अवघड गाठ आहे. तिथे एक प्रश्न असा आहे की पुढे वाट पाहण्यासारखं काही नाही असं वाटलं का. नोकरी असलेल्या माणसानं याला होकार दिला तर ती मनाची अवस्था. पण मालिकेतलं पात्र महिनाभरापूर्वी मारलं गेलंय, हातात नाटक नाही, ऑडिशन देऊन पंधरा दिवस झाले नि फोन नाही, अशा माणसानं होकार दिला तर? तो आपल्या डायरीची पानं वाचून दाखवतोय. पुढे खरंच काही नाही. नैराश्य आणि बेकारी इथे एकाच प्रश्नात मिसळली जातात, आणि बेरीज झाल्यावर त्यांना वेगळं काढता येत नाही. याला आशय-वैधतेचा प्रश्न म्हणतात. परीक्षेत दोन गुणांसाठी जी व्याख्या लिहिता, ती खऱ्या कामात अशी दिसते.

म्हणून डास टाकून द्यायची का? नाही. श्रेणी उत्तम आहे, फुकट आहे, जगभर वापरली जाते. पण अभिनेत्यांचे गुण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सरासरीशी ताडून ‘अधिक’ म्हणायचं असेल, तर आधी दाखवावं लागेल की दोन्हीकडे त्या प्रश्नांचा अर्थ सारखाच होतो. ते दाखवलं नसेल तर फरक कशाचा आहे, त्रासाचा की व्यवसायाचा, हे ठरवता येत नाही.

तुलना कुणाशी, हाही प्रश्न आहेच. सर्वसाधारण लोकसंख्येत बँकेतले कारकून आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त लोक आहेत. अभिनेत्याची खरी तुलना त्याच्यासारख्याच अनिश्चित कमाईच्या माणसाशी करायला हवी: स्वतंत्र छायाचित्रकार, तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक (हे वाचून आपल्यातले काही कसनुसं हसतील), कामाप्रमाणे पैसे घेणारा डिलिव्हरीवाला. त्यांच्याशीही तुलना करून अभिनेते वर निघाले, तर मग म्हणता येईल की अभिनयातच काही आहे. तासिकावाल्यांच्या बरोबरीनं निघाले, तर त्यांच्या मनाचा प्रश्न अभिनयाचा नसून महिन्याच्या एक तारखेचा आहे.

माझा खरा मुद्दा हाच आहे. ‘भूमिका झटकता येत नाही’ असं सांगणारे लोक आणि ज्यांचे नैराश्याचे गुण जास्त आहेत असे लोक, यांच्यात संबंध दिसला तरी सर्वेक्षण एकाच वेळी, एकाच माणसाकडून, एकाच प्रश्नावलीत सगळं विचारतं. ज्याचं मन आधीच खाली गेलेलं आहे त्याला भूमिका झटकणंही अवघड जाईल, आणि जुन्या अवघड भूमिकाही जास्त आठवतील. भूमिकेमुळे नैराश्य की नैराश्यामुळे भूमिका चिकटणं? एका वेळच्या मापनातून दिशा कळत नाही.

पण हा प्रश्न सोडवण्यासाठी मेंदूचे स्कॅन लागतातच असं नाही. दोन्ही गृहीतकं वेगळं काय भाकीत करतात ते बघा. भूमिका हे कारण असेल, तर ज्यांच्या हातात आत्ता तीव्र भूमिका आहे ते जास्त त्रासात असायला हवेत आणि काम नसलेले तुलनेनं बरे. अनिश्चितता हे कारण असेल, तर बरोबर उलट: काम करणारे बरे, रिकामे बसलेले त्रासात. एकच जादा प्रश्न, ‘सध्या तुमच्या हातात काम आहे का, कुठलं?’, पहिला इशारा देऊ शकतो. त्याहून चांगलं म्हणजे तीच माणसं वर्षभर धरून ठेवायची, तालमीत, प्रयोगांच्या काळात, नाटक बंद झाल्यावर, आणि दर वेळी मोजायचं. तीस माणसं पुरतील. ७८२ जणांना एकदा विचारण्यापेक्षा तीस जणांना दहादा विचारणं हा या प्रश्नासाठी जास्त चांगला सौदा आहे. आणि पीएचडीच्या तीन-चार वर्षांत तो जमण्यासारखा आहे.

भूमिकेच्या बाजूनं बोलणारं संशोधन नाहीच असं नाही. याच पेपरच्या लेखकांपैकी सेटन यांनी ‘पोस्ट-ड्रॅमॅटिक स्ट्रेस’ अशी कल्पना मांडली आहे. त्यांचं म्हणणं असं की नाट्यशाळा भूमिकेत शिरायला शिकवतात, बाहेर यायला शिकवत नाहीत. चिलीच्या सुसाना ब्लोख यांनी श्वास, चेहरा आणि शरीराची ठेवण यांवरून भावना आणण्याची पद्धत बसवली, तिच्यात भावनेतून बाहेर पडण्याची कृतीही सोबतच शिकवली जाते. हे मला पटण्यासारखं वाटतं. आपल्याकडे प्रयोग संपल्यावर खोबरेल तेल चोळून रंग उतरवत बसण्याची जी वीस मिनिटं असतात, सोबत कोणाचा कुठला प्रवेश घसरला यावर चाललेली चेष्टा, ती एका अर्थानं हीच कृती. मालिकेच्या सेटवर पॅकअप झाल्याबरोबर गाडीत बसणाऱ्याला ती मिळत नाही. प्रबंधाचा एक अख्खा प्रकरणभर विषय इथे पडलेला आहे, कुणी उचलला तर.

उलट बाजूला एली कोनैन या डच संशोधिकेचं काम आहे. नेदरलँड्स, फ्लँडर्स आणि नंतर अमेरिकेतल्या अभिनेत्यांना त्यांनी विचारलं की रंगमंचावर पात्राची भावना आणि तुमची भावना किती जुळते. विशेषतः दुःख, भीती, तिरस्कार अशा भावनांच्या बाबतीत ती फारशी जुळत नाही असं निघालं. पात्र रडत असताना नटाच्या मनात असतात त्या कामाच्या भावना: एकाग्रता, आव्हान, प्रेक्षक हातात आहे की सुटला याची धाकधूक. दिदरोनं अठराव्या शतकात जे तर्कानं मांडलं होतं ते इथे प्रश्नावलीतून आलं. मग २०१९ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या स्टीव्हन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १५ प्रशिक्षित अभिनेत्यांना स्कॅनरमध्ये झोपवून रोमिओ किंवा ज्युलिएट म्हणून प्रश्नांची उत्तरं द्यायला लावली. स्वतःबद्दलच्या विचाराशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या काही भागांची हालचाल तेव्हा मंदावली. बातम्यांनी त्याचं ‘अभिनेता स्वतःला हरवतो’ करून टाकलं. १५ माणसं, स्कॅनरमध्ये पाठीवर पडून, सहकलाकार नाही, प्रेक्षक नाही. शिवाय स्कॅनरमधून उठल्यावर काय उरतं याबद्दल त्यात काहीच नाही. हरवण्याचा आजाराशी संबंध लावणं ही बातमीदाराची भर.

आता दिलीप कुमार. सिनॉप्सिसमध्ये लेजरनंतरचा दुसरा क्रमांक त्यांचाच असतो, आणि निदान हे उदाहरण आपल्या गावातलं, मुंबईतलं आहे. त्यांनी स्वतः अनेकदा आणि २०१४ मध्ये आलेल्या आत्मचरित्रातही सांगितलं की ओळीनं शोकान्त भूमिका केल्यावर त्याचा मनावर परिणाम व्हायला लागला, मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेतला, आणि हलक्याफुलक्या भूमिका करा असं सांगितलं गेलं. म्हणून ‘आझाद’. एका मोठ्या नटानं त्या काळात मनोविकारतज्ज्ञाकडे जाणं आणि ते मोकळेपणानं सांगणं, याचं मोल मी कमी करत नाही. पण पुरावा म्हणून वापरायचं तर तारखा लावून बघा. ‘आझाद’ १९५५ चा. ‘देवदास’ही १९५५ चाच. म्हणजे शोकान्त सोडली नि बरे झाले अशी सरळ रेषा नाहीच. हलक्या भूमिकेच्या शेजारीच हिंदी सिनेमातली सर्वांत गाजलेली शोकान्तिका उभी आहे. पुढे १९६१ मध्ये ‘गंगा जमुना’ आहे. मग नेमकं कशानं बरं वाटलं? विनोदी भूमिकेनं, तज्ज्ञाशी बोलल्यानं, की आपण काय करायचं नि काय नाही हे ठरवायची ताकद हातात असल्यानं?

मला तिसरं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं. दिलीप कुमार मोजकंच काम घ्यायचे आणि निवडून घ्यायचे. ‘अशा भूमिका घेऊ नका’ हा सल्ला त्यांना पाळता आला. नाइटवर काम करणाऱ्या नटाला तो सल्ला म्हणजे थट्टा आहे. व्यावसायिक नाटकात प्रयोग झाला तर नाइट, नाही झाला तर काही नाही. मालिकेत बारा-बारा तासांची शिफ्ट आणि केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी, ही मुंबईतली रुळलेली पद्धत आहे. २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर हे नव्वद दिवस किती जणांच्या गळ्याशी आले ते त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांत आहे. अशा माणसाला ‘भूमिकेतून बाहेर कसं यावं’ची कार्यशाळा घेऊन दिली तर तो शांतपणे करेलही. त्याची झोप मात्र भाड्यानं उडालेली असते.

आणि म्हणूनच गृहीतक कसं मांडायचं हा नुसता पद्धतीचा वाद राहत नाही. ‘भूमिका घातक’ असं म्हटलं की दुखणं नटाच्या आत जातं: तो संवेदनशील, तो वाहून गेला, त्यानं सांभाळायला हवं होतं. उपायही त्यानंच करायचा, स्वतःच्या खर्चानं, ध्यान नि श्वास नि डायरी. निर्मात्याच्या पेमेंटची तारीख, वाहिनीच्या शिफ्टचे तास, अपमान करणारा दिग्दर्शक, हे सगळं चित्राबाहेर राहतं. तुमचा प्रबंध कुणीतरी वाचणार आहे, कधीतरी एखादी संघटना तो टेबलावर ठेवणार आहे. त्यात चल म्हणून काय घेतलंत आणि काय सोडलंत, यावर त्या टेबलावर कशाची मागणी होईल हे ठरतं. ऑस्ट्रेलियन पेपरचं मला सर्वांत आवडलेलं काम हेच की त्यांनी संघटनेला सोबत घेतलं आणि उत्पन्नाचे प्रश्न विचारले. आपण उद्धृत करताना नेमकी उत्पन्नाची पानं सोडतो आणि भूमिकेची उचलतो.

एवढं वाचून कुणी अजूनही हा विषय घेणार असेल (घ्याच), तर दोन व्यवहाराच्या गोष्टी, ज्या नीतिसमितीच्या फॉर्ममध्ये एका ओळीत उरकल्या जातात.

पहिली, नाव गुप्त ठेवणं. मराठी नाट्यसृष्टी लहान आहे. ‘४५ वर्षांची अभिनेत्री, दोन गाजलेल्या मालिका, मूळची कोल्हापूरची, सध्या काम नाही’ एवढं लिहिलंत की नाव न लिहिताही अर्ध्या दादरला कळतं. वय दशकात द्या, गाव काढा, कामाचं वर्णन सैल करा. दोन जणांचे अनुभव एकत्र करून एक माणूस मात्र बनवू नका, तो विदा राहत नाही. एखाद्या निर्मात्याबद्दल कुणी काही सांगितलं तर ते बाहेर गेल्यावर पुढचं काम तिचं जाणार आहे, तुमचं नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड. समजा तुम्ही डासऐवजी पीएचक्यू-९ वापरली. तिच्यात नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, आणि नववा थेट स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरून जावंसं वाटण्याच्या विचारांबद्दल आहे. एका रात्री अकरा वाजता गूगल फॉर्मवर कुणीतरी त्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर देतं. फॉर्म निनावी आहे. तुम्ही तो तीन आठवड्यांनी एसपीएसएसमध्ये भरताना बघता. अशा वेळी काय करणार हे विदा गोळा करायच्या आधी ठरलेलं हवं, नंतर नाही. निनावी फॉर्म ठेवायचा असेल तर त्या प्रश्नानंतर लगेच मदतीची माहिती दिसली पाहिजे. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. मदत पुरवायची तयारी असेल तरच नाव-फोन घ्या, आणि मग उत्तरं त्याच दिवशी तपासणारा माणूस ठेवा. गाईडना सांगून एखाद्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला आधीच गाठून ठेवा, आणि संमतिपत्रात लिहा की अमुक परिस्थितीत आम्ही तुमच्याशी संपर्क करू. यातलं काहीच शक्य नसेल तर नववा प्रश्न नसलेली श्रेणी घ्या आणि तसं का केलं ते पद्धतीच्या प्रकरणात मोकळेपणानं लिहा. डासमध्ये तो प्रश्न थेट नाही, पण आयुष्य निरर्थक वाटण्याबद्दलचा एक आहे, तेव्हा तिथेही मदतीचा क्रमांक फॉर्मच्या शेवटी न टाकता वरच टाका. शेवटपर्यंत बरेच जण पोहोचत नाहीत.

आणि प्रश्नावली कुठल्या दिवशी द्यायची ते ठरवून ठेवा. प्रयोगाच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आणि हातात काही नसलेल्या एखाद्या मंगळवारी. तिन्ही दिवशी तोंडाला कोरड पडते का ते विचारा.